गड्ड्यातला ब्रिक गेम

तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता किती गेम्स आहेत? माझ्या मोबाइलमध्ये सहा आहेत आणि त्यातला एकही मी धड खेळत नाही. दर दोन मिनिटांनी जाहिरात, मध्येच 'लाइफ संपली, पैसे भरा'ची कटकट. वैताग नुसता! यंदा संक्रांतीला सोलापूरला गेलो तेव्हा मात्र एक गेम मी सलग दीड तास खेळलो. नेट नाही, जाहिरात नाही, चार्जिंग नाही. दोन पेन्सिल सेल आणि टूं टूं वाजणारा एक पिवळा डबा. हो मंडळी, तोच तो. ब्रिक गेम!

पुण्याहून सोलापूरला जायचं तर आमची लाडकी गाडी म्हणजे हुतात्मा एक्सप्रेस. संध्याकाळी ऑफिसातून सटकायचं, पाठीवर लॅपटॉपची सॅक तशीच ठेवून स्टेशन गाठायचं. डब्यातली अर्धी गर्दी आपल्यासारखीच. पुण्यात नोकरी, सोलापुरात घर. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या ज्या चौघांमुळे गाडीला हे नाव मिळालं, त्यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ही तारीख येते ती ऐन गड्ड्याच्या तोंडावर. त्यामुळे सोलापूरकराच्या डोक्यात जानेवारी म्हणजे आधी हुतात्मे, मग सिद्धेश्वर आणि मग भज्यांचा वास.

या खेपेला मी एका कामगिरीवर निघालो होतो. पुण्यात टूबीएचके घेतलाय. आई-अप्पांना तिकडे न्यायचं, सोलापूरचं घर विकायचं. आई तयार होती. अप्पांचं काही कळत नव्हतं. फोनवर विषय काढला की ते हवामानावर बोलायचे.

९९९९ इन वन!

गड्डा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना एकदा सांगून टाकतो. ग्रामदैवत सिद्धेश्वरांची ही यात्रा. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी शहरात ६८ लिंगं स्थापन केली असं मानतात. पांढरीशुभ्र बाराबंडी घातलेले भक्त सात नंदीध्वज तोलत मिरवणुकीने निघतात. संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, दुसऱ्या दिवशी होम. हे सगळं संक्रांतीच्या आसपास. पण होम मैदानावरची जत्रा त्यानंतरही चालू राहते. आकाशपाळणे, मौत का कुआँ, भेळ, बांगड्या, प्लास्टिकची खेळणी. आम्हा पोरांची भक्ती आधी त्या खेळण्यांच्या स्टॉलवर, देवदर्शन नंतर.

माझा ब्रिक गेम तिथलाच, नव्वदच्या दशकाच्या शेवटी घेतलेला. डब्यावर छापलेलं, '९९९९ इन वन'. मी आणि माझा शाळेतला दोस्त ते ९९९९ गेम मोजायला बसलो होतो! फंडा नंतर कळला. प्रत्यक्षात गेम मोजकेच. विटा, गाडी, रणगाडा, साप, बेडूक. त्यांचेच वेग आणि लेव्हल बदलून आकडा फुगवलेला. पडदा म्हणाल तर १० चौकोन आडवे, २० उभे. बस्स. एवढ्यात शाळेची दोन वर्षं खपली.

यातला विटांचा खेळ म्हणजे अर्थात टेट्रिस. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव या संगणकतज्ज्ञाने तो बनवला. ज्या मशीनवर बनवला त्यावर चित्र काढायची सोयच नव्हती, म्हणून त्याने कंसाची चिन्हं जोडून विटा केल्या. चार-चार चौकोनांचे सात आकार, एवढाच माल. १९८९ मध्ये निन्टेन्डोच्या गेम बॉयबरोबर तो जगभर गेला आणि त्याच्या स्वस्त चिनी भावंडांतून आमच्या होम मैदानावर.

अप्पांचा ग्राफ

आमच्या घरात या गेमचा चॅम्पियन मी नव्हतो. अप्पा होते.

अप्पा चादरीच्या कारखान्यात डिझाइनचं काम करायचे. सोलापुरी चादर तुमच्या घरी असेलच. तिच्यावरचे मोर आणि फुलं छापलेली नसतात, विणलेली असतात. आधी ग्राफ पेपरवर चौकोन रंगवून नक्षी काढायची. प्रत्येक चौकोन म्हणजे धागा वर की खाली. मग त्याबरहुकूम पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्यांची माळ मागावरच्या जॅकार्डला लावायची. भोक असेल तिथला धागा उचलला जातो. फ्रान्सच्या जाकारने ही करामत केली १८०४ च्या सुमारास. पुढे संगणकाला माहिती भरवायला जी भोकांची कार्डं आली, ती याच पट्ट्यांच्या खानदानातली.

ब्रिक गेम पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा अप्पा म्हणाले होते, "अरे, हा तर ग्राफच आहे." आणि त्या रात्री त्यांनी माझा आठवडाभराचा रेकॉर्ड मोडला. चिडून मी सेल काढले. सेल काढले की हायस्कोअर पुसला जातो, हे मला माहीत होतं. अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळले.

अकराशे आणि अंधार

मग आला मोबाइल. आमच्या घरात पहिला, नोकिया ११००. हे मॉडेल २००३ मध्ये आलं. धूळ आत जाऊ नये असा सलग रबरी कीपॅड आणि डोक्यावर टॉर्च. आपल्यासारख्या देशांचा विचार करूनच बनवलेला. जगभरात २५ कोटींवर विकला गेला. सोलापूरच्या धुळीत आणि अंधारात तो का टिकला, हे सांगायची गरज आहे का?

अंधार म्हणजे लोडशेडिंग. २००५ नंतरची ती वर्षं आठवतात? उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर आणि पंखा बंद. अख्खी गल्ली ओट्यावर. कुणाच्या हातात विंझणा, कुणाच्या हातात मोबाइल. अंधारात तो हिरवट पडदा आणि त्यावर वळवळणारा साप. ९६ गुणिले ६५ ठिपक्यांत मावलेला. २, ४, ६, ८ ही बटणं अंगठ्याला पाठ. हा साप मोबाइलवर आणला तो फिनलंडच्या तानेली अर्मांतो या इंजिनीअरने, १९९७ मध्ये, नोकिया ६११० साठी. त्या पहिल्या खेळात भिंतीला धडकला की साप मेला. अकराशेमधला 'स्नेक टू' दयाळू होता. एका भिंतीतून आत, समोरच्या भिंतीतून बाहेर. लाइट आली की गल्लीभर "आऽऽली!" आणि त्या ओरड्यात हमखास कुणाचा तरी साप स्वतःचीच शेपूट चावायचा.

आईने दोन्ही वस्तू माळ्यावरच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या. घर आवरायला घेतलं तशा त्या निघाल्या. अकराशेची बॅटरी फुगून ढोल झालेली. नवी पेठेत मोबाइल दुरुस्त करणारा आमचा तोच शाळेतला दोस्त. मला बघितल्या बघितल्या म्हणाला, "का बे, पुण्यात हेच वापरतो का आता?" ड्रॉवर उचकून त्याने एक बॅटरी काढली. "घे. हिला काय बी होत नाही." पैसे घेतले नाहीत, चहा मात्र माझ्याकडून उकळला. साप जिवंत झाला. टॉप स्कोअर अजून तिथेच होता. माझाच की गल्लीतल्या कुणाचा, काही आठवेना.

खरं सांगू? साप खेळून पंधरा मिनिटांत कंटाळलो. टचस्क्रीनला सोकावलेल्या अंगठ्याला ते बटण दाबणं जड जातं. २०१७ मध्ये नव्या रूपातला ३३१० आला तेव्हाही हौसेने घेऊन महिन्याभरात कपाटात टाकणारे बरेच भेटले. जुनी गेम परत मिळते हो, पण ओट्यावरची ती गर्दी कुठून आणणार?

गाळा मोकळा ठेवू नको

ब्रिक गेमचं मात्र वेगळं झालं. रात्री जेवणानंतर, कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणून, मी तो घेऊन बसलो. अप्पा शेजारी आले. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं बाकी आहे. मला वाटलं, त्यांना दिसणार नाही. तर ते बघत बसले आणि दहा मिनिटांनी म्हणाले, "तू चुकतोस कुठे माहितीय? उभी काडी येईल म्हणून एक गाळा मोकळा ठेवतोस. ती येत नाही आणि तोवर सगळं वर भरत जातं."

अगदी खरं. लांब काडी आली की एकदम चार ओळी साफ, ही हाव प्रत्येकाला असते. मी डबा त्यांच्या हातात दिला. त्यांनी वेग कमी करून घेतला आणि खेळायला लागले. काडीची वाट न बघता, आलेली वीट जिथे बसेल तिथे. एक ओळ, दोन ओळी. बघता बघता मला मागे टाकलं.

डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या एका १३ वर्षांच्या पोराने निन्टेन्डोचा १९८९ चा टेट्रिस इतका पुढे नेला की शेवटी गेमच गोठली. तोवर माणसाकडून हे झालं नव्हतं. मी हे अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तो जिंकला नाही. मशीन दमलं."

हीच वेळ साधून मी पुण्याचा विषय काढला. लिफ्ट आहे, हॉस्पिटल जवळ आहे, बाग आहे. अप्पांनी वीट बसवली, पॉज दाबला.

"तिकडे सकाळी उठून मी कुणाला भेटू?"

मला उत्तर सुचलं नाही. इथे ते सकाळी तलावाच्या काठाने देवळापर्यंत जातात. वाटेत कारखान्यातले जुने चौघे भेटतात. तेलुगूत, कानडीत, मराठीत गप्पा होतात. याला पर्याय म्हणून माझ्याकडे सोसायटीचं क्लबहाउस होतं.

"वरची खोली भाड्याने देतोय," ते पुढे म्हणाले. "इंजिनीअरिंगची दोन पोरं विचारून गेलीत. चौदा वर्षं तुझ्यासाठी मोकळी ठेवली. तू काय आता परत येत नाहीस."

आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. हिशोब सांगावा तसं सांगितलं. आणि पॉज काढून खेळायला लागले. मी काही वेळ पडद्याकडेच बघत राहिलो. चौदा वर्षांत 'येतो की लवकरच' हे मी किती वेळा म्हणालो असेन, याचा स्कोअर कुणी ठेवलेला नाही, हे बरंच आहे.

घर विकायचं रद्द झालं. आई उन्हाळ्यात दोन महिने पुण्याला येणार, अप्पा दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशननंतर 'बघू' म्हणालेत. मी महिन्यातून एक वीकएण्ड सोलापूरला जायचं ठरवलंय. दोन वेळा जमलं, एकदा बुडालं. तुम्हीही जानेवारीत जाऊन बघा. गड्डा बघा, भुईकोट किल्ला बघा, येताना शेंगाचटणी आणि एक चादर आणा. चादरीवरचा मोर नीट जवळून बघा, चौकोन दिसतील.

आणि ब्रिक गेम? तो अप्पांकडेच आहे. सेल संपले की हायस्कोअर पुसला जाणार, म्हणून ते आता कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहून ठेवतात. दर रविवारी फोनवर तो मला वाचून दाखवतात. हवामान नंतर.