त्रेसष्ट, साठ तीन, अरवै मूडु

जून २०२० मध्ये आमची थोरली पहिलीत जायची होती. विदर्भात उन्हामुळे शाळा तशाही जूनच्या अखेरीस उघडतात. करोनाच्या त्या वर्षी जून गेला, जुलै आला, शाळेचे कुलूप काही निघाले नाही. २० जुलैला सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाले आणि पांढरकवड्यातल्या आमच्या घरात बातम्यांचा टीव्ही पोरीच्या ताब्यात गेला. बालभारतीच्या पाठांवर बेतलेल्या, घरात-परसात करता येतील अशा कृती त्यात असायच्या. कार्यक्रम संपला की पोरगी डाळ, काड्या, बाटल्यांची झाकणे घेऊन तेच करत बसायची. तिच्या वर्गाची शाळा पुन्हा उघडली डिसेंबर २०२१ मध्ये. तोवर धाकटाही पाटी घेऊन तिच्या शेजारी बसू लागला होता आणि बसलेली घडी मोडावी असे आम्हा नवराबायकोला वाटेना. घरीच शिकवायचे ठरले.

सासूबाईंनी एकाच वाक्यात विषय संपवला. “काऊन वं, पोरीले काय घरातच म्हातारी करतं?”

ठरवायला एक संध्याकाळ पुरली. कुठल्या पुस्तकातून शिकवायचे, याचा घोळ मात्र पुढे वर्षानुवर्षे चालला. बालभारतीची सगळी पुस्तके नेटवर फुकट मिळतात, एनसीईआरटीचीही मिळतात. २०१९ च्या जानेवारीत यवतमाळला साहित्य संमेलन झाले, तेव्हा पुस्तकांच्या दालनातून आणलेली पोरांची पुस्तके कपाटात होतीच. गिजुभाईंचे बालशिक्षणावरचे ‘दिवास्वप्न’ मी कॉलेजात असताना वाचले होते. अमेरिकेतल्या नणंदेने तिच्या मुलांचा घरशाळेचा अख्खा संच पाठवला, जाडजूड, रंगीत, रोज काय बोलायचे तेही छापलेला. इतके सामान जमले की वाटते, प्रत्येकातले चांगले तेवढे उचलावे. पण पुस्तकातले चांगले पान सुटे निघत नाही. त्याच्या मागे दहा पानांची तयारी असते आणि पुढच्या दहा पानांचा भार त्यावर असतो.

हे मला गणितात कळले. एनसीईआरटीचे ‘गणित का जादू’ मला फार आवडायचे. तेव्हाचे पहिलीचे पुस्तक अंकांनी सुरू होतच नव्हते. आत-बाहेर, वर-खाली, गोल-चपटे यांनी सुरू व्हायचे. तिसरीच्या पहिल्याच धड्यात एकच वस्तू वरून कशी दिसते, बाजूने कशी दिसते, हे विचारले होते. थोरलीने तेव्हा गच्चीवरून गायीचे चित्र काढले होते: एक लांबोळा, दोन शिंगे आणि शेपूट, पाय नाहीतच. असे पुस्तक सोडवते का? पण त्यात सराव कमी, आणि भाषा हिंदी. ‘हासिल’ म्हणायचे की ‘हातचा’, यावर मायलेकींचे वाद. शेवटी मी ठरवले की एका विषयाला कणा एकाच पुस्तकाचा. गणिताचा कणा बालभारती. तिच्या क्रमाने जायचे आणि आकार-जागा-नकाशा एवढेच दुसरीकडून घ्यायचे.

आणि दुसरीच्या गणितात नेमके ते जोडसंख्यांचे प्रकरण आले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’, ‘त्रेसष्ट’च्या जोडीला ‘साठ तीन’ असे वाचन दिले आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. विधानसभेतही गाजले. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर परोपरीने सांगत होत्या की जुनी नावे कुणी काढून टाकलेली नाहीत. तेव्हा मीही चहा पिता पिता त्यांची थट्टा ऐकून हसले होते. दोन वर्षांनी तेच पान माझ्या पोरीपुढे उघडे होते. ‘त्रेसष्ट’ म्हटले की ती आधी तीन लिहायची, मग सहा. एकोणसत्तर म्हटले की ‘सत्तर’ तेवढे कानात राहायचे आणि वहीत ७९ उमटायचे.

दिल्लीच्या ‘जोडो ज्ञान’ने रुजवलेली गणितमाला मी बाजारातून मणी आणून घरीच ओवली होती: दहा लाल, दहा पांढरे, पुन्हा दहा लाल, असे शंभर. ती खिडकीच्या दोन खिळ्यांना बांधलेली असायची. एका दुपारी शेजारच्या अक्का आल्या. त्यांचे माहेर आदिलाबादकडचे; हैदराबादचा रस्ता आमच्या गावावरून जातो, त्यामुळे इथे तेलुगू कानावर नेहमीच पडते. पोरगी चिमट्याने माळेवर त्रेसष्ट शोधत होती आणि छत्तिसाजवळ अडली होती. अक्कांनी पाहिले आणि सहज म्हणाल्या, “अरवै मूडु.” अरवै म्हणजे साठ, मूडु म्हणजे तीन. पोरीने सहा दहाचे गट सरकवले, पुढे तीन मणी मोजले, चिमटा लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अक्काच्या भाषेत मणी जसे आहेत तसेच बोलतात.”

त्यानंतर काही आठवडे आमच्या घरात प्रत्येक संख्येची तीन नावे चालली. आधी साठ तीन, हवे तर अरवै मूडु, आणि मग त्रेसष्ट. नव्या पद्धतीवर टीका करणाऱ्यांचे म्हणणे होते की मुले जुने शब्द विसरतील. आमच्याकडे कुणी काही विसरले नाही. बाजारात भाव ‘त्रेसष्ट’ असाच विचारतात, तो शब्द कुठे जाणार? पण माझे मत विचाराल तर, पुस्तकात ‘साठ तीन’ छापून भागत नाही. समोर सहा दहाचे गट दिसले पाहिजेत, नाहीतर तेही पाठच होते.

भाषेचे त्या मानाने लवकर आटोपले. पॉलिशपेपर कापून पुठ्ठ्यावर अक्षरे चिकटवली, मॉन्टेसरीच्या पद्धतीने. माझा क्रम ‘ग म भ न’, वळणे सारखी म्हणून; पुस्तकाचा क्रम वेगळा. पुस्तक महिनाभर मिटून ठेवले. मॉन्टेसरीची पद्धत गिजुभाईंच्या जोडीने आपल्याकडे आणणाऱ्या ताराबाई मोडक लग्नानंतर अमरावतीत राहत होत्या, हे आम्हा वऱ्हाडातल्या लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते. नणंदेच्या संचाबद्दल थोडक्यात: डाइम, निकेल, पाइंट, हिमाचा बाहुला. पन्नास पैसेही न पाहिलेल्या पोरीला पंचवीस सेंटचे नाणे शिकवण्यात दिवस का घालवावा? त्या ढिगातली सिंगापुरी गणिताची पट्ट्यांची चित्रे तेवढी ठेवली. शाब्दिक उदाहरण अडले की पोरगी आजही पट्टी काढते.

जुलै २०२२ मध्ये शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणाला एक मॅडम दारात आल्या. त्यांच्या फॉर्मात कारणांचा रकाना होता, पण आमचे कारण त्यात बसेना. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे, तो ६ ते १४ वयाच्या मुलांचा. त्यात घरी शिकवण्याला ना मुभा लिहिलेली, ना मनाई. मॅडमनी फॉर्म बाजूला ठेवला, थोरलीकडून एक उतारा वाचून घेतला, हातच्याची वजाबाकी करून घेतली आणि मग चहा घेतला. म्हणाल्या, वाटले तेव्हा वयाप्रमाणे थेट वर्गात घालता येते, मुक्त विद्यालय मंडळाची पाचवीची आणि आठवीचीही परीक्षा असते, घाबरू नका. आणि जाताना एक कामाची गोष्ट सांगून गेल्या. “तिसरीचं परिसर अभ्यास सोडू नका. ते प्रत्येक जिल्ह्याचं वेगळं असतं. आपल्या यवतमाळचं आहे.”

खरोखरच, आमच्याकडच्या सगळ्या ढिगात आमचा पत्ता माहीत असलेले ते एकच पुस्तक होते. वर्धा, पैनगंगा, अरुणावती, बेंबळा. पोरीने नकाशात आपल्या गावाजवळची खुनी नदी निळ्या पेनने ठळक केली.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आमच्या शेताने अभ्यासक्रम हातात घेतला. त्याआधी आम्ही सेवाग्रामला जाऊन आलो होतो. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला परिषद भरली आणि कामातून शिकवायची नयी तालीम ठरली, हे वाचलेले होते. आनंद निकेतन शाळेत मुलांना शेतात, स्वयंपाकात राबताना पाहिल्यावर धीर आला. सीतादही झाले, कापसाची वेचणी सुरू झाली. संध्याकाळी बायांचा कापूस काट्यावर चढायचा आणि वेचाईचा हिशेब थोरलीकडे. किलोला दहा रुपये. साडेसतरा किलोचे किती? पावणेएकोणीसचे? दशांश अपूर्णांक अजून कुठल्याच पुस्तकात आले नव्हते. सासरे बाजेवर बसून सवायकी म्हणू लागले: सव्वा, अडीच, पावणेचार, पाच. पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, अडीचकी, सगळे त्यांना तोंडपाठ. जोडसंख्यांनी छळणारी आपली भाषा पाव-अर्ध्याच्या हिशेबात इतकी हाताशी येते, हे मलाही तेव्हाच उमगले. वेचणाऱ्या बायांचा हिशेब तर पोरीच्या वहीच्या आधी व्हायचा. त्या थांबून तिचे उत्तर तपासायच्या.

एक पाठ मात्र मी स्वतः लिहिला. २०१७ च्या खरिपात आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने २० च्या आसपास शेतकरी-मजूर गेले. औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा, शेवटी हिरवा. दोन्ही पोरांना कोठ्याच्या दाराबाहेर उभे करून, डब्यांना हात न लावता, मी त्रिकोण ओळखायला शिकवले. धाकट्याला अक्षरे येण्याआधी हे आले. असा पाठ मला कुठल्याही संचात सापडला नाही. यवतमाळच्या पुस्तकात तरी तो असायला हवा, असे माझे ठाम मत आहे.

घरी शिकवताना आणखी एक लक्षात आले. पुस्तक चाळीस पोरांच्या वर्गासाठी लिहिलेले असते. त्यातले बरेचसे वर्ग गुंतून राहावा म्हणून असते. घरी ते गाळले तर पोरांचे काही अडत नाही. पण काही गोष्टींना चाळीस पोरे लागतातच. ‘गटात चर्चा करा’ असे लिहिलेले असायचे आणि आमचा गट म्हणजे ती, धाकटा आणि मी. भांडण व्हायचे, चर्चा नाही. कबड्डीला तर तेवढी माणसे पुरेनात. २०२४ मध्ये पाचवीला थोरली स्वतःच म्हणाली, मला शाळेत जायचे आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत वयाप्रमाणे प्रवेश झाला. सासूबाईंनी पेढे वाटले.

धाकटा अजून घरीच आहे, तिसरीचे पुस्तक चालू आहे. थोरली शाळेतून आली की त्याचे पान हातात घेते आणि पेन्सिलीने फुल्या मारते. “हे वर्गातलं आहे, हे सोड. हे पण सोड.” परवा तिने मारलेल्या फुल्यांपैकी दोन मी खोडल्या.