काचपट्टीवरचा थेंब

क्रांती चौकातील शिवरायांच्या अश्वारूढ पुतळ्याला वळसा घालून जाताना आमची नजर आजही एका जुन्या जिन्याकडे वळते. २०१० च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या भावाला हाताला धरून आम्ही तो जिना चढलो होतो. वय अडतीस, रिक्षा चालवून संसार करणारा. तीन महिने बारीक ताप, रात्री घाम, डाव्या कुशीत जडपणा. आधी हिवतापाच्या गोळ्या झाल्या, मग शक्तीच्या बाटल्या. वरच्या वृद्ध डॉक्टरांनी मात्र त्याला आडवे निजवून बरगडीखाली बोटे दाबली आणि म्हणाले, "प्लीहा बेंबीपर्यंत आली आहे. आधी रक्त पाहू."

एक थेंब काचपट्टीवर पसरला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असाव्यात, त्या दोन लाखांवर होत्या. कोवळ्या आणि पक्व, साऱ्या वयाच्या. रक्ताच्या कर्करोगाचा हा दीर्घकालीन प्रकार. नऊ व बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदलल्याने तो होतो. त्याची १९६० साली सापडलेली खूण पक्की करण्यासाठी नमुना मुंबईला गेला; पण रोगाची पहिली ओळख याच जिन्यावर पटली होती. तीव्र प्रकार असता तर आठवडेच हाती राहिले असते. त्याला सतत रक्तबिंबिका लागतात, जंतुसंसर्गापासून जपणारी खोली लागते. आमच्या शहरात शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले ते २०१२ मध्ये.

औषध म्हणजे रोज एक गोळी, इमॅटिनिब. मूळ कंपनीची महिन्याची मात्रा सुमारे सव्वा लाखाला पडे; भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीला पेटंट नाकारले, ती बातमी आम्ही कापून ठेवली आहे. निकाल उलट लागता तर आमच्यासारख्यांनी काय केले असते, हा विचार अजूनही नकोसा वाटतो.

पण आठ हजारही रिक्षावाल्याला थोडे नव्हेत. वर्षभरात प्लीहा ओसरली, अंगावर तेज आले, आणि एका रविवारी आम्हीच सहज बोलून गेलो, "आता किती दिवस घेणार रे या गोळ्या?" ते वाक्य त्याने मनाला लावून घेतले. मुलीच्या प्रवेशाचे पैसे साठवायला तो एक दिवसाआड गोळी घेऊ लागला. पुढच्या तपासणीत पेशी पुन्हा चढल्या.

"दादा, मला बरं वाटत होतं," तो एवढेच म्हणाला. रागवण्याचा अधिकार आम्ही केव्हाच गमावला होता. डॉक्टरांनी समजावले, की बरे वाटते ते गोळीमुळेच. ती चुकली की रोगाला औषध पचवायला सवड मिळते. सुदैवाने तेवढी सवड त्याला मिळाली नव्हती.

प्रवेशाचे पैसे मग आम्ही भरले. रात्रीचे जेवण झाले की आमची भावजय पाण्याने भरलेला मोठा पेला आणि गोळी त्याच्यापुढे ठेवते. महिनाअखेरीस रिकामी पाकिटे ती आमच्याकडे पाठवते आणि आम्ही ती मोजतो.