बंदूक, परवाना आणि छत्रीबागेतली मावशी

शस्त्र बाळगण्याचा हक्क म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिका उभी राहते. १७९१ सालची त्यांची ती दुसरी घटनादुरुस्ती, तिच्यावरून होणाऱ्या निवडणुका, आणि दर काही महिन्यांनी एखाद्या शाळेतल्या गोळीबाराची बातमी. आपल्याकडे हा प्रश्नच नाही असे आपण धरून चालतो. सत्तरी किंवा सांगे तालुक्यातल्या बागायतदाराला विचारलेत तर तो वेगळे सांगेल, पण त्याच्याकडे नंतर येतो. माझी या विषयाशी गाठ पडली ती गोव्यापासून कितीतरी लांब, इंदुरात, छत्रीबागेतल्या माझ्या मावशीच्या घरी.

छत्रीबाग म्हणजे होळकरांच्या छत्र्यांचा परिसर. राजवाड्याकडून चालत जाण्याजोगा. छत्र्यांवरचे दगडी कोरीवकाम पाहायला पर्यटक थोडेच येतात, वेंकटेशाच्या देवळात मात्र गर्दी असते. या भागात अजून बरीच मराठी घरे आहेत. त्यांची मराठी आपल्या कानाला गंमतशीर लागते. "काय करून राहिलास?" असे मावशी फोनवर विचारते तेव्हा ही फोंड्याची मुलगी आहे हे मला स्वतःलाच पटवून द्यावे लागते. पन्नासएक वर्षांपूर्वी ती लग्न होऊन तिथे गेली ती तिथलीच झाली.

त्या घरात दिवाणखान्याच्या भिंतीवर दोन लाकडी खुंट्यांवर एक बंदूक असे. बारा बोअरची, एकनळी. काकांच्या वडिलांनी घेतलेली. ते होळकर दरबारच्या जकात खात्यात नोकरीला होते आणि सांवेरच्या बाजूला त्यांची थोडी शेती होती. नीलगायी हरभरा खातात म्हणून बंदूक. पुढे शेती विकली, नीलगायी दुसऱ्याच्या झाल्या, बंदूक राहिली. काकांनी ती आयुष्यात किती वेळा उडवली असेल? मी विचारले तेव्हा त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि एका हाताच्या आतच थांबले.

तिचा खरा मान खंडेनवमीला. आपल्याकडे त्या दिवशी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घालतात, कचेरीत आम्ही संगणकालाही हळद-पिंजर लावतो. इंदूरच्या मराठी घरांत शस्त्रपूजनाला अजून शस्त्र लागते. नसेल तर सुरी ठेवतात, पण मावशीकडे होती ती ही बंदूक. पाटावर लाल वस्त्र, त्यावर ती आडवी, नळीवर कुंकवाची पाच बोटे.

आता गंमत पाहा. मध्य प्रदेश विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात येते. २०१३ साली आचारसंहिता ४ ऑक्टोबरला लागली, २०१८ साली ६ ऑक्टोबरला, २०२३ साली ९ ऑक्टोबरला. तिन्ही वेळा दसरा त्यानंतर. आचारसंहिता लागली की परवानाधारकांनी शस्त्रे जमा करावीत असा हुकूम निघतो. म्हणजे दर पाच वर्षांनी ऐन खंडेनवमीला काकांची बंदूक ठाण्यात! पहिल्या वेळी मावशी फार हिरमुसली. मग तिनेच तोड काढली. पाटावर परवान्याचे पुस्तक ठेवले, ठाण्याची पावती त्यात घालून, आणि त्यालाच हळदकुंकू वाहिले. २०२३ साली मी त्या दिवसांत तिथे होतो. पुस्तकाच्या पहिल्या पानावर दोन वर्षांचे कुंकू आधीच होते.

मी सरकारी कारकून. वीसेक वर्षे कागदांची पूजा करण्यातच गेली. त्यामुळे मला हसू आले तसा विचारही आला, की मावशीने न कळत बरोबर वस्तू पाटावर ठेवली आहे. आपल्या देशात बंदुकीपेक्षा मोठा आहे तो परवाना.

हे असे का झाले, त्याचा इतिहास वाचण्याजोगा आहे. १८५७ नंतर इंग्रजाला आपल्या हातातल्या शस्त्राची धास्ती बसली आणि लिटनच्या कारकिर्दीत १८७८ चा शस्त्रकायदा आला. हिंदी माणसाला परवाना हवा, युरोपियनाला सूट. हा अपमान सगळ्यांनाच झोंबला होता. अहिंसेचे पुजारी गांधीजीसुद्धा सबंध राष्ट्राला निःशस्त्र करणाऱ्या या कायद्याला इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत धरत. १९३१ च्या कराची काँग्रेसमध्ये मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला त्यात, नियमांच्या अधीन राहून प्रत्येक नागरिकाला शस्त्र बाळगण्याचा हक्क असेल, असे कलमच होते. म्हणजे स्वतंत्र भारतात हा हक्क मिळणार असे लेखी आश्वासन होते म्हणा ना.

डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत ते आश्वासन हरी विष्णू कामतांनी काढले. कामत हे नाव वाचून आपल्याकडचे वाचक कान टवकारतील. माणूस मंगळूरचा, आयसीएस सोडून सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉकमध्ये गेलेला, आणि पुढे मध्य प्रदेशातल्या होशंगाबादहून लोकसभेत निवडून आलेला. मूलभूत हक्कांत शस्त्र बाळगण्याचा हक्क घालावा अशी दुरुस्ती त्यांनी सुचवली. बाबासाहेबांनी ती मानली नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की ती मागणी परकीय राज्यात रास्त होती, आता दिवस बदलले. कोणीही उठून बाजारातून हवे ते हत्यार आणू लागला तर राज्य चालायचे कसे? दुरुस्ती पडली. घटनेत शस्त्रांचा उल्लेख राहिला तो उलट बाजूने: एकत्र जमण्याचा हक्क आहे, पण शांततेने आणि विनाशस्त्र. आणखी एक अपवाद, शिखांच्या कृपाणाचा.

बाबासाहेबांचा जन्म महूचा. छत्रीबागेतून गाडीने तासाभरात महू येते. १८१८ च्या मंदसोरच्या तहाने होळकरांची फौज आटली आणि त्याच साली इंग्रजांनी महूला छावणी टाकली. त्या छावणीत वाढत्या लष्करी शिस्तीच्या घरात, सुभेदार रामजींच्या पोटी, १८९१ साली हा मुलगा जन्मला. बंदूक म्हणजे काय हे त्या घराला कोणी शिकवायला नको होते. मला वाटते, कामतांपेक्षा त्यांचे म्हणणे खरे होते. दंगलीत कोणाच्या हाती आधी बंदूक येते आणि कोणाच्या हाती कधीच येत नाही, हे त्यांना ठाऊक असणार. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही एका प्रकरणात पुन्हा तेच नोंदवले, अमेरिकेसारखा हा हक्क आपल्याकडे नाही.

पण हक्क नाही म्हटल्यावर उरते ती मेहेरबानी, आणि मेहेरबानीचे काय होते ते आम्ही कारकून जाणतो. मध्य प्रदेशातच पाहा. चंबळच्या पट्ट्यात खांद्यावर बंदूक म्हणजे मिशीइतकीच पुरुषाची शोभा. २००८ साली शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनाने, नसबंदी करून घेणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देऊ, अशी योजना काढली. २०१९ साली ग्वाल्हेरात फर्मान निघाले, परवाना हवा असेल तर आधी दहा झाडे लावा आणि त्यांच्यासोबत काढलेला फोटो जोडा! हेतू चांगला असेल, पण ज्या कागदासाठी माणूस नसबंदीही करून घेईल तो कागद केवढा महाग झाला असेल याची कल्पना करा.

राजकारण आपल्याकडेही आहे, फक्त ते संसदेत एखाद्या दुपारी उरकते. २०१९ च्या शस्त्रकायदा दुरुस्तीत प्रत्येकी तीनऐवजी एकच शस्त्र ठेवावे असा मूळ प्रस्ताव होता. पंजाब-राजस्थानकडून ओरड झाली, वडिलोपार्जित बंदुकांचे काय म्हणून विचारणा झाली, आणि आकडा दोनवर स्थिरावला. लग्नात हवेत बार काढण्याला दोन वर्षांपर्यंतची कैद किंवा लाखापर्यंतचा दंड तेव्हाच आला. नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया नावाची संघटनाही आपल्याकडे आहे, हे किती जणांना ठाऊक असेल?

आता किमती. कानपूरच्या सरकारी कारखान्याने २०१४ साली बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे हलके रिव्हॉल्व्हर काढले, किंमत १,२२,३६० रुपये. ज्या बायकांना एसटीतून एकट्याने प्रवास करताना भीती वाटते त्यांतल्या कितीजणींना हे परवडणार होते, हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला. १९८० च्या दशकात सामान्य माणसाला बाहेरून शस्त्र आणणे बंद झाले, त्यामुळे त्याआधी आलेली जुनी विलायती पिस्तुले आता लाखो रुपयांना हात बदलतात. नवे मॉडेल तिकडे ज्या किमतीत मिळते त्याच्या कितीतरी पट. सप्टेंबर २०२५ मध्ये पिस्तूल-रिव्हॉल्व्हरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. लाखाची वस्तू १ लाख २८ हजारांना पडत होती ती १ लाख ४० हजारांवर गेली. मांडवीतल्या कॅसिनोंनाही हाच ४० टक्क्यांचा दर लागला, तेव्हा आपल्या मंडळींना तो आकडा लक्षात राहायला हरकत नाही.

आणि हे सगळे होत असताना इंदूरच्या दक्षिणेला, निमाडात, खरगोन जिल्ह्यातले सिगनूर, बडवानीतले उमर्टी अशा गावांत शिकलीगर घरांतल्या भट्ट्यांवर पिस्तुले बनतात. पिढीजात लोहारकाम, विलायती नमुन्याची हुबेहूब नक्कल. पुणे-जळगावच्या पोलिसांच्या बातम्यांत उमर्टीचे नाव किती वेळा येते पाहा. पलीकडे चोपडा तालुक्यातही त्याच नावाचे गाव आहे. ४० टक्के कर काय नि परवाना काय, तिथल्या गिऱ्हाइकाला कशाचीच झळ नाही. निवडणुकीत त्याला कोणी पावती मागत नाही.

पावती मागतात ती आपल्या बागायतदाराकडे. २०२४ ची लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, गोव्यात मतदान ७ मेला. म्हणजे अख्खा काजूचा हंगाम. माकडे, रानडुकरे मोकळी आणि बंदूक ठाण्यात. मुळात डुकराला मारायचे म्हटले तर वन्यजीव कायदा आड येतो, तेव्हा ती वाजवायचीच असते. सरसकट सगळ्यांची शस्त्रे घेऊ नका, छाननी समितीने एकेक परवाना तपासून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलेले आहे. पण एकेक परवाना तपासणे म्हणजे काम, आणि सरसकट हुकूम म्हणजे एक सही. मी याच यंत्रणेतला असल्याने जास्त बोलत नाही.

गेल्या वर्षी काका गेले. दिवसकार्य आटोपल्यावर मावशीने कपाटातून लोखंडी डबा काढला आणि माझ्यापुढे ठेवला. "तू ऑफिसातला माणूस, तूच बघ." परवाना काकांच्या नावाचा, आणि धनी गेला की बंदूक घरात ठेवणेही गुन्हा. म्हणून ती आधी परवानाधारक दुकानदाराकडे जमा केली, दरमहा भाडे सुरू झाले. २०१६ च्या नियमांप्रमाणे वारसाला परवाना मिळू शकतो. काका सत्तरीचे झाले तेव्हाच जिवंतपणी वारस नेमता आला असता, पण मरणाचे कागद कोण आधी करतो? मावसभाऊ पुण्याला. त्याच्या घरात दोन लहान मुले. तो सरळ म्हणाला, "मला नको."

"मग माझ्या नावावर कर ना," मावशी म्हणाली.

तिचे वय पंचाहत्तरच्या पुढे. मी तिला सांगितले, डॉक्टरचा दाखला लागेल, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागेल, पोलीस घरी चौकशीला येतील. कायद्याची बाजू तिच्याकडे होती हेही सांगितले. १९५९ च्या कायद्यात लांब नळीची साधी बंदूक संरक्षणासाठी, नाहीतर ठासणीची बंदूक पिकासाठी मागितली, तर परवाना द्यावा असाच शब्द आहे. पिस्तुलासाठी मात्र तसे सबळ कारण पटवावे लागते. हक्काच्या सर्वांत जवळ जाते ती हीच, काकांच्यासारखी बारा बोअर. आणि बाजारात तिलाच गिऱ्हाईक नाही! दुकानदाराने जी किंमत सांगितली तीत मावशीच्या चष्म्याच्या काचा आल्या नसत्या. "पिस्तूल असतं तर लाखांत गेलं असतं, माँजी," तो म्हणाला. मावशीने त्याच्याकडे असे पाहिले की तो पुढे बोलला नाही.

ती दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोहे पुढे ठेवताना तिने एकच विचारले, "बंदूक परत दिली तर ते पुस्तकही घेतील का रे?" घेणार, मी म्हटले, पुस्तकही जमा करावे लागते. झेरॉक्स ठेवता येईल. ती विचारात पडली. मग म्हणाली, "लिही अर्ज."

अर्ज मी तिथेच बसून लिहिला. डब्यात सहा काडतुसे निघाली, पुण्याच्या खडकी कारखान्याची, 'शक्तिमान' छापाची, कागदी खोक्यात नीट गुंडाळलेली. काका काडतुसाची किंमत पोहे-जलेबीत मोजत, एका काडतुसात तिघांचा नाश्ता होतो म्हणत. मावशीने ती एकेक करून वर्तमानपत्रावर उभी केली आणि मोजली. मी अर्जात बंदुकीखाली लिहिले: काडतुसे, नग ६. तिने वाचून पाहिले आणि आकड्याच्या पुढे कंसात अक्षरीही लिहायला लावले.