पुढे झुकायचं!

बर्फ म्हटला की आम्हा गोंयकारांना आधी आठवतो तो मासळी बाजारातला. बांगड्यांवर टाकलेला चुरा आणि पेटीखालून गळणारं पाणी. पायाला फळ्या बांधून त्यावरून घसरायला लोक एवढे पैसे का खर्च करतात, हे कोडं मला पन्नाशीपर्यंत सुटलं नव्हतं. २०२४च्या फेब्रुवारीत मुलीच्या हट्टापायी गुलमर्गला गेलो, तेव्हा थोडंसं सुटलं.

जाणं तरी कुठे नक्की होतं! त्या वर्षी चिल्लाई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ऐन थंडीचे चाळीस दिवस, जवळजवळ कोरडेच गेले. तपकिरी पडलेल्या गुलमर्गचे फोटो पेपरांत येत होते. जानेवारीच्या अखेरीस बर्फ पडला आणि आमचं तिकीट वाचलं.

गुलमर्ग साधारण २६५० मीटर उंचीवर. तिथून गोंडोला दोन टप्प्यांत अफरवाटच्या अंगावर ३९०० मीटरच्याही वर नेतो. खरे स्कीवाले तिथून उतरतात. वरचा बर्फ बहुतेक ठिकाणी यंत्राने दाबलेला नसतो, भुसभुशीत असतो. त्याच्याच ओढीने परदेशी येतात, आणि तोच कधी सुटून कोसळला की जीवही जातात. आम्ही आपले खाली, पोराटोरांच्या उतारावर.

शिकवणारा पंचविशीचा काश्मिरी मुलगा. पहिला धडा थांबण्याचा: फळ्यांची टोकं जवळ, टाचा बाहेर. दुसरा, "आगे झुको, अंकल." इथेच सगळं अडलं. भीती वाटली की माणूस मागे रेलतो. मागे रेलला की टोकांवरचा भार जातो, फळ्या वळेनाशा होतात आणि वेग वाढतो. जीव वाचवायला जे करावंसं वाटतं, त्यानेच आपण पडतो. मी अकरा वेळा पडलो. (मुलीने मोजलं.)

ती स्वतः स्नोबोर्डवर होती. एकच फळी, दोन्ही पाय तिला आवळलेले, हातात काठ्या नाहीत. ह्या खेळाचं एक मूळ मात्र समुद्रात आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये शर्मन पॉपेन ह्या गृहस्थाने मुलींसाठी दोन स्की एकत्र जोडल्या. बायकोने नाव ठेवलं ‘स्नर्फर’, म्हणजे बर्फावरचं सर्फिंग. असो.

तिसऱ्या दिवशी झुकलो. कसा, सांगता येणार नाही. फळ्यांचा सर्रर्र आवाज, कानात वारा, आणि आठ-दहा सेकंद ना गुडघा आठवला, ना वय. खाली पोचलो तो उभाच!

नंतर कहवा पिताना मुलगा म्हणाला, जानेवारीभर घरी बसून होतो. सीझन गेला की वर्ष गेलं. हे वाक्य मी आमच्या शॅकवाल्यांकडून किती पावसाळ्यांत ऐकलंय. मग त्याने विचारलं, समुद्रात पोहतानाही असंच असतं का, घाबरलं की बुडतो माणूस?

चौथीत असताना माझा एक मित्र घरामागच्या तळीत बुडाला. तेव्हापासून मी गुडघ्यापलीकडे पाण्यात उतरलेलो नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती.

"असेल," मी म्हटलं.