म्हमदू खाटकाचा दोस्ताना

अशोक सराफ यांना आधी ‘महाराष्ट्र भूषण’ आणि मग २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा माझ्या मोबाईलवर दोन-तीन दिवस नुसते धनंजय माने येत होते. ‘अशी ही बनवाबनवी’ला आता पस्तीसहून जास्त वर्षं झाली, तरी त्या माणसाची लोकप्रियता तसूभर कमी झालेली नाही. मला मात्र आठवत होता म्हमदू खाटीक. आमच्या घरात अशोक सराफ या नावाने नाही, तर त्या नावाने आले होते.

वडील परळच्या गिरणीत कामाला, मूळ गाव रत्नागिरीकडचं. सिनेमा म्हटला की लालबागचं भारतमाता थिएटर. दादा कोंडक्यांचा ‘राम राम गंगाराम’ १९७७ साली आला. गंगारामचा दोस्त म्हमदू खाटीक ही भूमिका अशोक सराफ यांची. या भूमिकेने त्यांना फिल्मफेअरही मिळवून दिलं. वडील तो सिनेमा पाहून आले आणि कित्येक वर्षं म्हमदूची नक्कल करत राहिले. गिरणीतले त्यांचे दोस्तही त्यांना म्हमदू म्हणायचे. वडिलांना त्याचा राग नव्हता.

मला होता. शाळेत कोणी ‘ए म्हमद्या’ म्हटलं की कानशिलं तापायची. वाटायचं, हसायला आमचीच बोली सापडली का? मोठेपणी तो सिनेमा पुन्हा नीट पाहिला आणि वडिलांना काय आवडलं असेल ते कळू लागलं. त्या काळात पडद्यावरचा मुसलमान एक तर कव्वाली गाणारा फकीर, नाही तर सुरमा घातलेला गुंड, नाही तर मित्रासाठी जीव देणारा चाचा. म्हमदू यातला कोणीच नाही. तो गावातला आहे, त्याला धंदा आहे, दोस्ताशी भांडण आहे. तो कोणाला देशभक्ती सिद्ध करून दाखवत नाही. आपल्या गावांतले मुलाणी, आतार, तांबोळी, बागवान असेच तर राहत आले. त्याच्या बोलण्यावर हशा होतो, पण तो जिथे हशा घेतो तिथे बहुतेक वेळा तो दुसऱ्यापेक्षा हुशार असतो. हसणं आपल्यावर आहे की आपल्याबरोबर, हे नटाच्या हातात असतं. सराफांनी म्हमदूला ओशाळं होऊ दिलं नाही.

हे कसब एका दिवसात आलेलं नव्हतं. जन्म १९४७ चा, बालपण दक्षिण मुंबईतल्या चिखलवाडीत. मामा गोपीनाथ सावकार नाटकवाले. ‘ययाती आणि देवयानी’तल्या विदूषकापासून त्यांनी सुरुवात केली. घरच्यांना पक्की नोकरी हवी, म्हणून जवळपास दहा वर्षं स्टेट बँकेत. दिवसा बँक, रात्री नाटक. गिरगावात साहित्य संघ, दादरला शिवाजी मंदिर. मध्यमवर्गीय मुंबईकर नटाचा हा ठरलेला रस्ता होता. ‘पांडू हवालदार’ने १९७५ साली ते घराघरांत पोहोचले.

विनोदी नट म्हणून शिक्का बसत असतानाच त्यांनी अनिल बर्वे यांचं ‘हमीदाबाईची कोठी’ केलं. दिग्दर्शन विजया मेहतांचं, हमीदाबाईही त्याच. सोबत नाना पाटेकर, नीना कुलकर्णी, भारती आचरेकर. गाण्याच्या इभ्रतीवर जगणाऱ्या एका बाईची कोठी बदलत्या काळात कशी मोडते, त्याची ही गोष्ट. सराफ त्यात लुक्का दादा. तवायफ म्हटलं की लोक चवीने बघतात. इथे मराठी प्रेक्षक एका मुसलमान बाईचा मोडत चाललेला संसार गंभीरपणे बघत होता. त्या नाटकाला जात विचारायला कोणी आलं नाही.

पुढे ‘चौकट राजा’तला गणा, ‘भस्म’मधला स्मशानजोगी, ‘वजीर’मधलं राजकारण, हिंदीत ‘करण अर्जुन’चे मुन्शीजी, दूरदर्शनच्या जमान्यानंतर ‘हम पाँच’चे पाच मुलींचे बाप. यादी मोठी आहे. विनोदाचं टायमिंग सगळ्यांनाच दिसतं. त्यांचं गप्प बसणं किती बोलतं, ते या भूमिकांत कळतं.

आणि आता धनंजय मानेंकडे येतो. १९८८ च्या त्या सिनेमाची मूळ गोष्ट ‘बीवी और मकान’ या १९६६ च्या हिंदी चित्रपटाची. गोष्ट काय? चार तरुणांना राहायला जागा मिळत नाही. घरमालकाच्या अटीत बसत नाहीत, म्हणून दोघांना साड्या नेसून बायका व्हावं लागतं. आपण पोट धरून हसतो. मीही हसतो.

पण लग्नानंतर मी मध्य मुंबईत भाड्याची जागा शोधत होतो. फोनवर माझं मराठी ऐकून एजंट खूश व्हायचा. भाडं ठरायचं, डिपॉझिट ठरायचं. मग नाव सांगितलं की तीच जागा ‘कालच गेलेली’ असायची. एकाने तर प्रेमाने सल्ला दिला, बायकोच्या ऑफिसच्या नावाने करार करा, दारावर पाटी लावू नका. त्या रात्री टीव्हीवर ‘बनवाबनवी’ लागला असता तर मला तो विनोदी वाटला असता का, सांगता येत नाही. धनंजय मानेंची बनवाबनवी शेवटी माफ होते. आम्हाला ती न करता, आहे त्याच नावाने घर हवं होतं. सहा महिन्यांनी मिळालं. घरमालक लालबागचे निवृत्त गिरणी कामगार होते. नाव ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘गाव कुठलं?’

म्हमदू खाटकासारखं पात्र आज मराठीत कोण लिहितं? आजच्या मालिकांत सण सगळे असतात, शेजारी मुसलमान क्वचितच असतो. असला तर संशयाचा किंवा उपदेशाचा. नुसता दोस्त, उधारी न देणारा, खेकसणारा, हसवणारा दोस्त मात्र दिसत नाही. अशोक सराफ यांच्यासारखा नट पुन्हा होईल न होईल, ते नशिबावर आहे. पण अशी भूमिका लिहिणं लिहिणाऱ्यांच्या हातात आहे, आणि त्या लिहिणाऱ्यांत आपली पोरंही असायला हवीत. माझ्या मुलाला कोणी शाळेत म्हमदू म्हटलं, तर मी त्याला आधी तो सिनेमा दाखवीन.