चाकू काळा पडू द्यावा

नऱ्हे-धायरीच्या शेडमध्ये टूलरूमचं काम करण्यात माझी नोकरी संपली. पोलादाचा रंग बघून त्याचं काय झालंय ते ओळखायची सवय डोळ्यांना आहे, ती निवृत्तीनंतरही जात नाही. भाच्याने फ्रान्सहून ओपिनेलचा घडीचा चाकू आणून हातात ठेवला, तेव्हा मी आधी पातं उजेडात तिरकं धरलं. हा चाकू जोसेफ ओपिनेलने 1890 साली बनवायला घेतला. बीचच्या लाकडाची मूठ, उघडलेलं पातं अडकवून ठेवणारी फिरती कडी (ती 1955 पासूनची), आणि सुमारे 0.9 टक्के कार्बनचं पोलाद. हाच चाकू स्टेनलेसमध्येही मिळतो, पण मी भाच्याला कार्बनचाच आण म्हणून बजावलं होतं.

"मामा, पण हा गंजतो."

गंजतोच. मात्र लोखंडाचा प्रत्येक डाग सारखा नसतो. तांबडा गंज फुगतो, पापुद्र्याने सुटतो आणि खालचं ताजं लोखंड हवेला उघडं पाडतो. म्हणजे तो खातच राहतो. काळा थर पातळ असतो, धातूला धरून बसतो आणि ओलाव्याला थोडाफार अडवतो. थोडाफारच. त्याला चिलखत समजू नये.

नव्या पात्यावर तेलाचा हलका हात असतो, तो असेपर्यंत रंग नीट धरत नाही. मी ते साबणाने धुऊन काढलं आणि कैरीपासून सुरुवात केली. कैरीत आंबटपणा भरपूर, शिवाय टॅनिन. लोणच्याच्या फोडी संपेपर्यंत टोकाकडे राखाडी ढग उठले होते, आणि कडेला, जिथे रस थांबला होता तिथे, निळसर झाक. मग कांदे, लिंबं, आवळे. केळफुलाने तर मधला भाग एका बैठकीत काळपट केला. हिरडा आणि हिराकस एकत्र करून कापड काळं रंगवायची जुनी रीत आहे. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकसातलं लोखंड यांचा तो काळा रंग. पात्यावरही तेच घडत होतं, लोखंड तेवढं चाकू स्वतःच पुरवत होता.

बायकोला हे पटलं नाही. "नवा कोरा चाकू आणि महिन्यात कळकट," म्हणून तिने तारेची घासणी उचलली. ती घासणी मी लपवून ठेवली.

मूळच्या फिनिशचा इथे मोठा संबंध आहे. बारीक पॉलिश केलेल्या पात्यावर पाणी थांबायला जागा कमी, म्हणून रंग सावकाश चढतो आणि गंजही उशिरा धरतो. घासकामाच्या रेघा राहिलेल्या पात्यावर रस रेघांमध्ये साचतो. ते लवकर काळवंडतं आणि हयगय केली तर तिथूनच तांबडं होतं. माझ्या चाकूवर बारीक रेघा होत्या, त्यामुळे तो मधल्या चालीने रंगला.

धायरी फाट्याच्या बाजूला रस्त्याकडेला लोखंड घडवणाऱ्या घिसाड्यांची पालं पडायची. 2017 साली धायरी महापालिकेत आली, मोकळ्या जागांवर इमारती चढल्या; आता ऐरणीचा आवाज क्वचित कानी येतो. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून ते कोयते, खुरपी, विळ्या घडवतात. पुरुष तापलेला पाटा सांडशीत धरतो, बाई उभी राहून घण घालते. भट्टीतून निघालेल्या पात्यावर आपोआप काळी खपली असते. एका मावशींना मी म्हटलं, वरचं काळं तसंच राहू द्या, फक्त धार उजळा. त्या म्हणाल्या, "काका, काळं ऱ्हायलं तर गिऱ्हाईक म्हनतं जुना माल हाय." आणि ग्राइंडरने सगळं चकचकीत करून ठेवलं. तो माल पहिल्याच पावसात तांबडा होणार, हे त्यांनाही ठाऊक होतं.

कारखान्यात आम्ही असाच काळा रंग मुद्दाम चढवायचो. ब्लॅकनिंग म्हणतात त्याला: कॉस्टिक आणि नायट्राइटच्या सुमारे 140 अंशांच्या उकळत्या टाकीत जॉब बुडवायचा, धुवायचा, तेलात टाकायचा. वर मॅग्नेटाइटचा काळा थर येतो. "द्या की तुमचा चाकू, दहा मिनिटांत काळा करतो," असं शेडमधल्या जुन्या सहकाऱ्याने सुचवलंही. फळं कापायच्या वस्तूला मी त्या टाकीजवळ नेणार नाही. गरम व्हिनेगरमध्ये बुडवूनही रंग आणतात. एका जुन्या कानशीच्या धार लावलेल्या तुकड्यावर ते करून पाहिलं. काळा झाला, पण धार बोथटली, आणि हाताला लागणारी काळी भुकटी सोड्याने धुतली तरी बराच काळ येत राहिली. स्वयंपाकघरातला रंग उशिरा येतो, पण हाताला लागत नाही.

मिठाशी मात्र तडजोड नाही. सिंहगडावर पेरू आणि कैरी तिखट-मीठ लावून मिळते. आम्ही फळ आमच्या चाकूने कापतो, चाकू पुसून मिटतो, मगच मीठ भुरभुरतो. मिठातल्या क्लोराइडपुढे काळा थर टिकत नाही, तिथे बारीक खड्डे पडतात. पावसाळ्यात आणखी एक गंमत: मुठीचं लाकूड फुगतं आणि चाकू नखाने उघडेनासा होतो. तेव्हा तो थोडा कोरड्या उबेत ठेवायचा. चामड्याच्या म्यानात तर ठेवूच नये, चामडं ओल धरून बसतं.

एक निळा रंग मात्र वाईट. सायकलवरच्या धारवाल्याने शेजाऱ्यांच्या सुरीला कोरड्या चाकावर जोर लावून धार काढली. कडेला छान निळी पट्टी उमटली. शेजारी खूश. ती पट्टी म्हणजे धार सुमारे 300 अंशांपर्यंत तापल्याची खूण, तिथलं पाणी उतरलं होतं. कैरीचा निळा डाग पृष्ठभागावर राहतो. या निळ्याखाली पोलाद आतपर्यंत मऊ पडलेलं असतं, तेवढी कड घासून टाकल्याशिवाय सुरी धार धरत नाही. म्हणून धार घरीच निसण्यावर, पाणी लावून काढावी.

तुमच्याकडे आजीची लोखंडी विळी माळ्यावर असेल तर खाली काढा. तांबडं तेवढं बारीक पॉलिश पेपरने घालवा, काळ्याला हात लावू नका. वापरल्यावर लगेच धुवा, कोरडी पुसा आणि खोबरेल तेलाचं बोट फिरवा. जवसाचं तेल नको, ते चिकट होऊन वाळतं.