पंच न केलेले तिकीट

माझे वडील एस.टी.मध्ये कंडक्टर होते. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. खांद्याला चामड्याची पिशवी, हातात तिकिटांची पेटी आणि त्या पेटीवर टकटक वाजणारा पंच, हे त्यांचे रूप माझ्या डोळ्यांपुढून कधी हललेले नाही. तिकिटाला भोक पडेपर्यंत तो नुसता कागद असतो, असे ते म्हणत. अशा माणसाच्या मुलीला, वयाच्या साठाव्या वर्षी, इटलीतल्या आगगाडीत तिकिटावरून दंड भरावा लागला. ही गोष्ट मी पुष्कळ दिवस कोणाला सांगितली नव्हती.

२०१४ च्या मे महिन्यात मी आणि माझे पती युरोपला गेलो. हे चित्रकलेचे शिक्षक. जोत्तो या इटालियन चित्रकाराच्या चित्रांच्या छापील प्रती त्यांनी वर्गात मुलांना तीस वर्षे दाखवल्या होत्या. मूळ चित्रे पाहायची राहून गेली होती. सहल कंपनीबरोबर गेलो तर पादुआ गावी कोणी थांबणार नाही, म्हणून आम्ही आमचीच आखणी केली : रोम, व्हेनिस, तेथून पादुआ आणि शेवटी व्हिएन्ना.

रोममध्ये पहिल्याच दिवशी पाण्याची चिंता मिटली. तेथे रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत. त्यांची बाकदार तोटी नाकासारखी दिसते म्हणून लोक त्यांना 'नासोने', म्हणजे मोठे नाक, म्हणतात. १८७४ पासून ते बसवले जात आहेत आणि त्यांचे पाणी पिण्याजोगे असते. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या छिद्रातून कारंजे उडते. त्याला तोंड लावून पाणी प्यावे. हे एका शाळकरी मुलाने आम्हांला करून दाखवले. यांनी पहिल्या प्रयत्नात सदरा भिजवून घेतला. रिकामी बाटली जवळ असली की पाणी विकत घ्यावे लागत नाही. पँथियन हे जवळजवळ एकोणीसशे वर्षांपूर्वीचे मंदिर आम्ही विनामूल्य पाहिले. २०२३ पासून तेथे तिकीट आहे. जुन्या प्रवाशांची माहिती, माझीसुद्धा, तपासूनच घ्यावी.

रोमहून व्हेनिसला आम्ही वेगवान गाडीने गेलो. त्या तिकिटावर गाडीचा क्रमांक, तारीख, आसन सारे छापलेले होते. तपासनीस आला, त्याने पाहिले, हसून परत दिले. एक मात्र ध्यानात ठेवावे : स्थानकांच्या पाट्यांवर आपल्या ओळखीची नावे नसतात. व्हेनिस तेथे व्हेनेत्सिया असते, पादुआ पादोव्हा असते. शिवाय व्हेनेत्सिया नावाची मुख्य स्थानके दोन. मेस्त्रे हे अलीकडच्या जमिनीवर, आणि सांता लुचिया हे खाडी ओलांडून प्रत्यक्ष बेटांवर. मेस्त्रेला आम्ही सामान काढून दाराशी उभे राहिलो होतो. एका बाईंनी हाताने खूण करून थांबवले.

व्हेनिस सुंदर आहे, हे सर्वांनीच लिहिले आहे. त्याच्या पुलांना पायऱ्या आहेत, हे मला कोणी सांगितले नव्हते. गावात चारशेहून अधिक पूल, मोटार नाही, रिक्षा नाही, आणि आमच्याजवळ दोन मोठ्या बॅगा. चाके असलेली बॅग पायऱ्यांवर निरुपयोगी असते. तीन पूल चढून उतरेपर्यंत लाडू, चिवडा आणि जादा साड्या आणल्याचा मला मनस्वी पश्चात्ताप झाला. पत्ता शोधणे आणखी अवघड, कारण घरांचे क्रमांक गल्लीनुसार नसून संपूर्ण पेठेनुसार असतात. शेवटी घरमालकाने जवळच्या चर्चचे नाव सांगितले आणि ते विचारत विचारत आम्ही पोहोचलो. आपल्याकडे 'मारुतीच्या देवळामागे' असा पत्ता सांगतात, तसेच हे!

दुसऱ्या दिवशी पादुआ. तेथील स्क्रोवेन्यी प्रार्थनामंदिरात जोत्तोने १३०५ च्या सुमारास पूर्ण केलेली भित्तिचित्रे आहेत. प्रवेशाची वेळ आगाऊ राखून ठेवावी लागते आणि ती चुकली तर मिळत नाही. म्हणून आम्ही लवकर निघालो, साध्या गाडीचे तिकीट घेतले आणि धावत डबा गाठला. अर्ध्या तासाचा प्रवास. वाटेत तपासनीस आला. मी ऐटीत तिकिटे पुढे केली. त्याने ती उलटून पाहिली आणि मान हलवली.

साध्या गाडीच्या कागदी तिकिटावर ठरावीक गाडी नसते. त्यामुळे चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात ते घालून त्यावर दिनांक व वेळ उमटवून घ्यावी लागते. तसे न केल्यास तेच तिकीट पुन्हा वापरता येईल. वेगवान गाडीच्या तिकिटाला हे लागत नाही. आणि तेवढ्याच अनुभवावर मी निर्धास्त होते. यंत्र बंद असेल तर तिकिटावर पेनाने तारीख-वेळ लिहून आपण होऊन तपासनीसाला सांगावे, हेही मला नंतर कळले.

मी इंग्रजीत पुष्कळ समजावले. नवखे आहोत, पैसे दिलेले आहेत, चुकवेगिरीचा हेतू नाही. तो शांतपणे पावतीपुस्तक काढत होता. तिकिटाच्या किमतीच्या कित्येक पट दंड होता. पण मला पैसे लागले नाहीत, लागल्या त्या डब्यातल्या नजरा. समोरच्या बाकावरच्या मुलीने आपली पिशवी जरा जवळ ओढली, निदान मला तसे वाटले. विनातिकीट प्रवाशाला अण्णा उतरवून देत, तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा होई, ते मी लहानपणी पाहिले होते. आज तो चेहरा माझा होता. कंडक्टर जे काम करी ते येथे प्रवाशानेच करायचे होते आणि मी ते केले नव्हते.

मंदिरात वेळेवर पोहोचलो. बाहेरची दमट हवा आत जाऊ नये म्हणून आधी काचेच्या दालनात सुमारे पंधरा मिनिटे बसवतात आणि मग चित्रांसमोर जेमतेम तेवढाच वेळ मिळतो. मला वाटले होते, हे माझ्यावर चिडले असतील. दार उघडले, वर निळे छत आणि सोनेरी चांदण्या दिसल्या, आणि त्यांना माझे अस्तित्वही उरले नाही. वधस्तंभावरून उतरवलेल्या येशूभोवतीचा शोक त्या भिंतीवर रंगवला आहे. त्यातल्या दोन स्त्रिया आपल्याकडे पाठ करून बसल्या आहेत. छापील चित्रात त्या पाठींकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. चेहरा न दाखवता त्यांचे रडणे दिसत होते. खालच्या पट्ट्यात सद्गुणांची चित्रे आहेत. त्यांत हाती तराजूची पारडी घेतलेला न्याय आहे. तेथे हे माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "अगं, तुझी तक्रार इथेच नोंदव." मला हसू आवरेना. पहारेकऱ्याने डोळे वटारले.

व्हिएन्नाला पोहोचलो तेव्हा मी तिकिटाच्या बाबतीत धास्तावलेली होते. तेथील भुयारी रेल्वेला अडवणारे फाटकच नव्हते. वाटेत निळी पेटी होती. तिच्यात तिकीट घातले, ठसा उमटला, आणि मी तो दोनदा वाचून पाहिला. चार दिवसांत एकदाही कोणी तिकीट विचारले नाही.

त्याच शहरात १८६९ मध्ये उघडलेले भव्य ऑपेरागृह आहे. तेथे उभे राहून पाहायची तिकिटे त्या वेळी तीन-चार युरोंत मिळत. आत गेल्यावर लोक समोरच्या कठड्याला आपला रुमाल बांधत आणि खुशाल फिरायला जात. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्या आमच्या गावाला हे नवे नव्हते. मात्र आमच्याकडे टाकलेल्या रुमालावरून भांडणे होत. मी माझी शाल बांधली, पण तेथून हलले नाही. हे मला ओढून कॉफी प्यायला घेऊन गेले. परत आलो तेव्हा शाल होती तशीच होती आणि शेजारच्या आजोबांनी तिचे लोंबते टोक कठड्यावर नीट घेऊन ठेवले होते.

घरी आल्यावर अण्णांना भेटायला गेले. तेव्हा ते चौऱ्याऐंशी वर्षांचे होते. चित्रे, पूल, ऑपेरा सारे सांगून झाल्यावर, जड मनाने, दंडाचेही सांगितले. ते क्षणभर गप्प राहिले.

"पावती दिली का त्याने?"

मी पर्समधून ती काढून दिली. चष्मा लावून त्यांनी तो इटालियन कागद वरपासून खालपर्यंत वाचल्यासारखा पाहिला, रकमेवर बोट ठेवले, तारीख पाहिली, सहीही पाहिली.

"चोख लिहिली आहे," ते म्हणाले आणि पावतीची नीट घडी घालून त्यांनी ती मला परत दिली.